द्रवस्फटिक, रंग आणि प्रकाशाचा जोर

द्रवस्फटिकांचा इतिहास म्हटला म्हणजे तो मनगटावरील घड्याळाच्या आंकड्यांपासून निघून दूरदर्शनाच्या सपाट पडद्यापाशीं येऊन संपतो, अशी सुशिक्षितांचीही समजूत आज दृढ झालेली आहे. ती खोटी नाहीं. पण ती एका शाखेचीच हकीकत आहे. पडद्यांत द्रवस्फटिकाचे रेणु विजेच्या दाबानें फिरतात आणि प्रकाश त्यांच्यामधून निमूटपणें जातो. दुसरी शाखा याच्या उलट आहे. तींत वीज नाहीं, चुंबक नाहीं. प्रकाशच रेणूंना फिरवितो, आणि ज्या वाटेनें तो चालला ती वाटच चालतां चालतां बदलून टाकतो. या शाखेच्या इतिहासांत १९९० सालीं असा एक प्रसंग आला कीं, चिमूटभर रंग घातल्याबरोबर प्रकाशाचें बळ शंभरपट वाढलेलें दिसलें, आणि पदार्थविज्ञानाच्या एका मूलभूत नियमाचा जमाखर्च जुळेना. तो पुढें कसा जुळला हें सांगण्याचा येथें उद्देश आहे. परंतु त्यासाठीं थोडें मागून यावें लागेल.

इ. स. १८८८ मध्यें प्राग येथील जर्मन विद्यापीठांत फ्रीड्रिख रायनिट्झर हा वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरांतून काढलेल्या कोलेस्टेरॉलचा अभ्यास करीत होता. त्याचें एक संयुग, कोलेस्टेरिल बेंझोएट, तापवितांना त्याला दोन वितळबिंदु आढळले. १४५.५ अंशांवर घन पदार्थ वितळून गढूळ द्रव होई, आणि १७८.५ अंशांवर तो गढूळपणा एकाएकीं नाहींसा होऊन द्रव स्वच्छ होई. शुद्ध पदार्थाला वितळबिंदु एकच, हें रसायनशास्त्रांतलें अगदीं बाळबोध ज्ञान. रायनिट्झरनें पदार्थ पुनःपुन्हां शुद्ध करून पाहिला, तरी दोन बिंदु कायमच. तेव्हां त्यानें १४ मार्च १८८८ रोजीं ओट्टो लेहमान या जर्मन पदार्थवैज्ञानिकाला सविस्तर पत्र लिहिलें आणि नमुने पाठविले. लेहमानजवळ एक असें सूक्ष्मदर्शक यंत्र होतें कीं, ज्यांत पदार्थ तापवीत असतांनाच ध्रुवित प्रकाशांत पाहतां येई. त्यानें पाहिलें तों तो गढूळ द्रव पाण्याप्रमाणें वाहत होता, पण प्रकाशाशीं त्याचें वर्तन मात्र स्फटिकाचें होतें. दुसऱ्याच वर्षीं त्यानें ‘वाहते स्फटिक’ या मथळ्याचा लेख प्रसिद्ध केला.

पुढें या शोधाचें श्रेय कोणाचें यावर वाद झाला. १९०८ सालीं रायनिट्झरनें आपली बाजू छापून मांडली. निःपक्षपणें पाहतां, विसंगति दिसली ती रायनिट्झरला आणि तिचा अर्थ उमगला तो लेहमानला. आणि विसंगति दिसल्यावर ती झांकून न टाकतां दुसऱ्याच्या हातीं देणें यालाही मन मोठें लागतें, एवढें रायनिट्झरच्या पदरांत अवश्य टाकलें पाहिजे. लेहमानचें उरलेलें आयुष्य मात्र आपल्या द्रवस्फटिकांचें अस्तित्व सिद्ध करण्यांतच गेलें. गुस्टाव टामानसारखा वजनदार रसायनज्ञ म्हणे कीं, हा द्रव शुद्ध नव्हेच. दुधांत स्निग्धांश तरंगावा तसें हें दोन पदार्थांचें मिश्रण आहे, म्हणून तें गढूळ दिसतें. हाले येथें डानिएल फोरलेंडरनें शेंकडों नवे पदार्थ तयार करून दाखविले आणि लांब, सरळ रेणूंचे पदार्थच हें वर्तन करतात असा नियम काढला, तेव्हां कोठें विरोध मावळला. १९२२ सालीं फ्रान्समध्यें जॉर्ज फ्रिडेलनें या अवस्थांची वर्गवारी केली. त्यांतील ‘नेमॅटिक’ या एकाच अवस्थेशीं आपल्याला पुढें काम आहे. तींत रेणु काडीसारखे एका दिशेला तोंड करून असतात, परंतु त्यांच्या जागा ठरलेल्या नसतात. नदीच्या पुरांत वाहत जाणारे बांबू एकमेकांना समांतर राहावेत, तसे. नांव ग्रीक भाषेंतील सुताच्या शब्दावरून पडलें, कारण सूक्ष्मदर्शकांत त्यांत सुतासारख्या रेषा दिसतात.

यानंतरचें पाऊल लेनिनग्राड येथें पडलें, आणि तें टाकणाऱ्या माणसाविषयीं चार शब्द लिहिल्यावांचून पुढें जाणें मला प्रशस्त वाटत नाहीं. व्सेवोलोद फ्रेडेरिक्स याचें शिक्षण जिनिव्हा येथें झालें. नंतर तो गटिंगेनला गेला आणि पहिल्या महायुद्धाच्या काळांत तेथेंच अडकून पडला असतांना प्रख्यात गणिती हिल्बर्ट याचा साहाय्यक म्हणून त्यानें काम केलें. आइनस्टाइनचा सापेक्षतावाद त्याच सुमारास तेथें चर्चिला जात होता. रशियांत परतल्यावर त्या विषयावर रशियन भाषेंत लिहिणाऱ्या पहिल्या मंडळींत फ्रेडेरिक्स होता, आणि विश्वाच्या प्रसरणाचें गणित मांडणाऱ्या फ्रीडमानबरोबर त्यानें १९२४ सालीं ग्रंथही लिहिला. अशा माणसानें कांचेच्या दोन तुकड्यांमध्यें दाबलेल्या द्रवाच्या पातळ थराकडे वळावें, हेंही एक नवलच. १९२७ सालीं त्यानें अशा थरावर चुंबकाचें बळ लावून पाहिलें. कांचेला टेकलेले रेणु कांचेशीं जखडलेले असतात. मधले तेवढे मोकळे. चुंबक हळूहळू वाढवीत नेला तरी एका मर्यादेपर्यंत कांहींच होत नाहीं. ती मर्यादा ओलांडतांच मधले रेणु वळूं लागतात. थर जितका पातळ, तितकी ही मर्यादा वरची, आणि थराची जाडी व मर्यादेचें बळ यांचा गुणाकार कायम.

वेताची छडी जमिनीवर उभी टेकून वरून दाबली तर कांहीं भारापर्यंत ती ताठ राहते आणि मग एकदम बांक घेते. आंखूड छडीला वांकविण्यास अधिक जोर लागतो. फ्रेडेरिक्सचा प्रयोग म्हणजे रेणूंच्या छडीचें हेंच वांकणें होय. आजचा प्रत्येक द्रवस्फटिकी पडदा या वांकण्यावर चालतो. पण त्याच्या कर्त्याला १९३६ सालीं अटक झाली. पुल्कोवा वेधशाळेच्या शास्त्रज्ञांवर जें बालंट आलें त्यांत तोही सांपडला, त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली, आणि १९४४ च्या जानेवारींत त्याचा अंत झाला. त्याची पत्नी मारिया ही संगीतकार शोस्ताकोविचची बहीण. तिलाही हद्दपार व्हावें लागलें. १९५६ सालीं सरकारनें त्याला निर्दोष ठरविलें. जगांतील प्रयोगशाळांतून त्याचें नांव रोज घेतलें जातें, आणि त्याचे हिज्जे मात्र प्रत्येकजण आपापल्या परीनें करतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा विषय बराच काळ सुस्त पडला होता. तो जागा केला अमेरिकेंतील आर. सी. ए. कंपनीच्या प्रयोगशाळेनें. तेथें जॉर्ज हाइलमायर यानें १९६४ सालीं द्रवस्फटिकांत थोडें रंगद्रव्य विरघळवून पाहिलें. रंगाचे रेणुही लांबट असल्यामुळें ते आपल्या यजमानाच्या ओळींत मुकाट्यानें उभे राहिले. विजेनें यजमान वळला कीं पाहुणाही वळे, आणि थराचा रंग पालटे. ‘यजमान-पाहुणा परिणाम’ हेंच नांव शास्त्रांत रूढ झालें आहे. येथें पाहुण्याची भूमिका केवळ अनुचराची, हें ध्यानांत ठेवावें. पुढें तीच उलटणार आहे. १९७३ च्या सुमारास इंग्लंडांत हल येथें जॉर्ज ग्रे यानें नेहमींच्या तपमानाला टिकणारे स्थिर द्रवस्फटिक तयार केले आणि पडद्यांचा धंदा सुरू झाला. ती कथा सर्वश्रुत आहे.

याच काळांत आपल्याकडेही या विषयानें मूळ धरलें. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेंत शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांनीं द्रवस्फटिकांची प्रयोगशाळा उभारली. हे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचे भाचे, आणि त्यांची एम्. एस्‌सी.ची पदवी नागपूर विद्यापीठाची, १९५१ सालची. म्हणजे नागपूर मध्यप्रदेशांत होतें त्या वेळची. फोरलेंडरपासून सर्वांचा समज होता कीं, द्रवस्फटिक व्हावयाला रेणु काडीसारखाच हवा. १९७७ सालीं चंद्रशेखर, सदाशिव व सुरेश या तिघांनीं ‘प्रमाण’ या भारतीय नियतकालिकांत दाखवून दिलें कीं, चकतीसारखे चपटे रेणुही पैशांच्या चळतीप्रमाणें रचले जाऊन द्रवस्फटिक होतात. हा शोध आपल्या मुख्य सूत्राच्या बाजूचा आहे. पण त्याला वळसा घालून पुढें जाणें मराठी लेखकाला शोभलें नसतें.

आतां प्रकाशाकडे वळूं. प्रकाश म्हणजे वीज व चुंबक यांचें कंपन, हें मॅक्सवेलपासून मान्य आहे. मग जें काम चुंबक करतो तें प्रकाशानें कां होऊं नये? शंका अशी येईल कीं, प्रकाशांतील वीज एका सेकंदांत शेंकडों अब्ज हजार वेळां दिशा पालटते. रेणूसारखा जड गडी तिच्यामागें कसा धांवेल? त्याला धांवावें लागतच नाहीं. नेमॅटिक अवस्थेंत शेंडा-बुडखा असा भेद उरत नाहीं. वीज उजवीकडे असो कीं डावीकडे, काडी तिच्या रेषेशीं समांतर होऊं पाहते. दिशा उलटली तरी पीळ उलटत नाहीं, म्हणून तो सांचत जातो. अडचण एवढीच होती कीं, साध्या दिव्याच्या प्रकाशांत हें बळ अति क्षीण. १९६० सालीं लेसर आला आणि ती अडचण दूर झाली.

लेसरामुळें प्रकाशशास्त्रांत एक नवीन प्रांत उघडला, त्याला ‘अरेषीय’ असें म्हणतात. शब्द अवघड असला तरी अर्थ सोपा आहे. नेहमींच्या पदार्थांत प्रकाशाचें त्रैराशिक चालतें: दुप्पट प्रकाश आंत सोडला तर दुप्पटच बाहेर येतो, आणि कांचेला आपल्यामधून कोण गेलें याची दादही नसते. जेथें प्रकाशामुळें पदार्थच बदलतो आणि बदललेल्या पदार्थामुळें प्रकाशाची गति व वाट बदलते, तेथें त्रैराशिक मोडतें. बहुतेक पदार्थांत असें व्हावयाला प्रचंड तीव्रतेचा प्रकाश लागतो. १९८० सालीं सोव्हिएट रशियांत झेल्डोविच, पिलिपेट्स्की, सुखोव व टॅबिर्यान यांनीं दाखविलें कीं, नेमॅटिक द्रवस्फटिकांत हा परिणाम, या कामीं प्रमाण मानलेल्या कार्बन डायसल्फाइडच्या मानानें, सुमारे एक अब्जपट मोठा आहे. त्याच वर्षीं मॉस्कोच्या लेबेडेव्ह संस्थेंतील झोलोट्को, किताएवा, सोबोलेव आणि त्यांचे हंगेरियन सहकारी क्रो व चिलाग यांनीं लेसरनें फ्रेडेरिक्सचें वांकणें घडवून आणलें. लेसरचा झोत उभ्या रेणूंच्या थरांतून जातांना एका तीव्रतेपर्यंत कांहीं होत नाहीं. ती ओलांडली कीं पलीकडच्या पडद्यावर एकाभोंवतीं एक अशीं वर्तुळें उमटूं लागतात. वर्तुळें मोजलीं कीं रेणु किती वळले याचा हिशेब लागतो. प्रयोगशाळेंत याहून देखणा प्रयोग क्वचितच असेल. मात्र अब्जपटीची किंमत वेळाच्या रूपानें मोजावी लागते. हे रेणु आळशी आहेत, सावकाश वळतात आणि सावकाश परततात.

हंगेरीच्या त्या मंडळींत लवकरच इस्त्वान यानोशी हे सामील झाले. दहा वर्षें याच विषयांत घालविल्यानंतर १९९० सालीं यानोशी यांनीं एडिंबरोच्या हेरियट-वॉट विद्यापीठांतील लॉइड व व्हेरेट यांच्याबरोबर एक छोटा लेख प्रसिद्ध केला. द्रवस्फटिकांत अँथ्राक्विनोन जातीचें रंगद्रव्य शेंकडा एकाहूनही कमी प्रमाणांत घातलें असतां, रेणु वळविण्यास लागणारी प्रकाशाची तीव्रता सुमारें शंभरपटीनें उतरते, असें त्यांना आढळलें. सभेंत पडद्यावर खूण दाखविण्यासाठीं हातांत धरतात तसल्या कांहीं मिलिवॅटच्या लेसरनें जें काम होऊं लागलें, त्याला पूर्वीं मोठें यंत्र लागत असे.

प्रथम संशय साहजिकच उष्णतेवर गेला. रंग प्रकाश शोषून घेतो, शोषलेल्या प्रकाशाची उष्णता होते, आणि उष्णतेनें द्रवस्फटिकाची शिस्त ढिली पडते, हें कोणालाही सुचावें. परंतु उष्णता शिस्त मोडते. ती रेणूला अमुक दिशेकडे वळ असें सांगत नाहीं. येथें तर वळण्याची दिशा प्रकाशाच्या ध्रुवणावरून ठरत होती. शिवाय प्रकाश सारखाच शोषणारीं, म्हणजे उष्णता सारखीच देणारीं, दोन रंगद्रव्यें घेतलीं तर एकाचा परिणाम प्रचंड आणि दुसऱ्याचा नगण्य, असें दिसून आलें. त्यांच्या रासायनिक रचनेंतील फरकही कित्येकदां क्षुल्लकच असे. उष्णतेचा पक्ष तेथेंच पडला.

खरा पेंच यापुढें आहे. फिरणाऱ्या वस्तूचा कोनीय संवेग शून्यांतून उत्पन्न होत नाहीं. तो कोणीतरी कोणाला तरी द्यावा लागतो. प्रकाशाजवळ असा संवेग असतो, हें बेथ यानें १९३६ सालीं स्फटिकाच्या तंतूवर टांगलेली चकती प्रकाशानें फिरवून प्रत्यक्ष दाखविलें होतें. नेपल्सच्या सांतामातो यांच्या गटानेंही १९८६ सालीं वर्तुळध्रुवित प्रकाशानें द्रवस्फटिकाचे रेणु एकदमच गोल फिरविले होते. तेथें हिशेब चोख होता, रंग नव्हता. परंतु रंग घातल्यावर रेणूंना मिळणारा पीळ शंभरपट, आणि प्रकाशानें आणलेला संवेग मात्र पूर्वींइतकाच! प्रकाशाचा प्रत्येक कण संवेगाचें एक ठराविक नाणेंच आणतो. त्यापेक्षां अधिक त्याच्या गांठीं नसतें. मग उरलेली नव्याण्णव नाणीं कोणाच्या खिशांतून आलीं?

१९९४ सालीं यानोशी यांनीं पीळ कसा उत्पन्न होतो याचें स्पष्टीकरण दिलें, आणि नेपल्सचे मारुच्ची व पापारो यांनीं १९९७ सालीं तें अधिक पक्कें केलें. रंगाचे जे रेणु प्रकाशाच्या कंपनरेषेशीं समांतर असतात तेच प्रकाश अधिक शोषतात आणि क्षणभर, म्हणजे सेकंदाचे कांहीं अब्जांश, उत्तेजित अवस्थेंत राहतात. या अवस्थेंत त्यांचे शेजाऱ्यांशीं संबंध पालटतात. ते यजमानाच्या रेणूंना अधिक घट्ट धरतात, आणि त्यांची स्वतः डोलण्याची मोकळीक कमी होते. एका दिशेला असे घट्ट धरणारे रेणु जास्त आणि इतर दिशांना कमी, अशी विषमता झाली म्हणजे यजमानाच्या रेणूंवर सगळीकडून सारखा पडणारा ओढा सारखा राहत नाहीं, आणि ते प्रकाशाच्या रेषेकडे ओढले जातात. पाहुणा आतां यजमानाला ओढूं लागला. रंगाचे रेणु स्वतः ऊष्मेच्या धक्क्यांनीं सैरावैरा हलत असतात. प्रकाश त्या गोंधळांतील एका बाजूच्या हालचालीला फक्त अटकाव करतो. घड्याळांतील दांतेरी चाकाला खिटी असावी आणि त्यामुळें चाकानें एकाच अंगाला फिरावें, असाच हा प्रकार आहे.

पण खिशाचा प्रश्न उरलाच. त्याचें उत्तर अमेरिकेंत ओहायोंतील केंट येथें काम करणारे पाल्फी-मुहोराई यांनीं १९९८ च्या सुमारास स्पष्ट मांडलें. नावाडी बांबू नदीच्या तळाला रोवून नाव पुढें ढकलतो. त्याला शक्ति भाकरीनें दिली, पण नावेला रेटा भाकरीनें दिला नाहीं. तो नदीच्या तळानें दिला. द्रवस्फटिकांत प्रकाश भाकरीच्या जागीं आहे. तो ऊर्जा पुरवितो. पीळ रंग व यजमान यांच्यांतील आपसांतल्या ओढाताणींतून उत्पन्न होतो. आणि त्याची प्रतिक्रिया द्रवांतील ताणाच्या द्वारें शेवटीं ज्या दोन कांचांमध्यें थर दाबलेला असतो त्या कांचांवर जाऊन पडते. म्हणजे नव्याण्णव नाणीं कांचेच्या खिशांतलीं. कांच प्रयोगशाळेच्या मेजाला घट्ट बसविलेली असल्यामुळें तिला हें कर्ज जाणवत नाहीं, इतकेंच. संवेगाच्या अक्षय्यतेचा नियम अबाधित राहिला. माझ्या मतें या साऱ्या इतिहासांत विचाराचें सौंदर्य जर कोठें असेल तर तें येथें आहे. वर्तुळांचें सौंदर्य डोळ्यांचें, हें बुद्धीचें.

उपपत्ति लागली तरी रसायनाचें रहस्य पुरतें उलगडलें असें म्हणतां येत नाहीं. २००२ सालीं जर्मन व इटालियन संशोधकांनीं रेणूंतील साध्या हायड्रोजनच्या जागीं त्याचा जड भाऊ ड्यूटेरियम बसवून पाहिला. रासायनिक स्वभाव तोच, आकार तोच, फरक वजनाचा; तरीही परिणामांत मोठा फरक पडला. अझो जातीच्या कांहीं रंगांचा गुण तर उलटाच: त्यांच्या संगतींत रेणु प्रकाशाच्या रेषेकडे न वळतां तिच्यापासून दूर वळतात. याच जातीचा ‘मेथिल रेड’ हा रंग कॉलेजच्या रसायनशाळेंत आम्ल ओळखण्यासाठीं वापरलेला अनेकांना आठवत असेल. पेनसिल्व्हानियांतील खू यांनीं तोच द्रवस्फटिकांत घालून अत्यंत क्षीण प्रकाशानेंही मोठा परिणाम घडवून आणला. त्यांत कांचेच्या पृष्ठभागावर जाऊन चिकटणाऱ्या रंगाचाही हात असतो. १९९१ सालीं गिबन्स व त्याचे सहकारी यांनीं ध्रुवित लेसरनें केवळ पृष्ठभागाजवळच्या रंगाच्या साहाय्यानें रेणूंची मांडणी ठरविली होती. कांच कापडानें घासून रेणूंना दिशा देण्याच्या जुन्या रीतीला प्रकाशाचा पर्याय पुढें पडद्यांच्या कारखान्यांतही आला.

२००४ सालीं पाल्फी-मुहोराई आणि त्यांचे सहकारी यांनीं द्रवस्फटिकी रबराची एक लहान चकती रंगवून पाण्यावर तरंगत ठेवली व वरून लेसरचा झोत सोडला. झोत पडतांच रबर मुरडलें, मुरडतांना त्यानें पाण्याला मागें रेटलें, आणि चकती झोतापासून दूर, अंधाराच्या बाजूला पोहत गेली.